पाहणं महाग, ऐकणं स्वस्त

आदरणीय विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवायचं मनाशी ठरवा आणि मगच पुढचं वाचा. सूनबाई सांगत होती की जिना उतरताना कोणता पाय आधी टाकायचा यावरून तुमचा डॉक्टरांशी वाद झाला. (कधीमधी डॉक्टरांचंही ऐकावं. एवढी वर्षं घालवून शिकलेले असतात, त्यांना वाईट वाटतं.) आमच्याकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. ह्यांचा खोकला गेला आहे, पण तो गेल्याचं ते कबूल करत नाहीत, कारण खोकला आहे तोवर सकाळी गरम पाणी हातात मिळतं.

तुमची लेक, जावई आणि नात सुखरूप पोचल्याचं तुम्हाला गाडीतूनच कळलं असेल. ती मंडळी जिना चढत असतानाच तुमचा मला मेसेज आला, 'पोर आली का तुमच्याकडे?' दुपारी पुन्हा तोच आला, आणि संध्याकाळी नुसतीच प्रश्नचिन्हं आली. मी उत्तरादाखल हात जोडलेले पाठवले. त्यावरून तुम्हाला काय समजायचं ते समजलं नसणार हे मला कळतं, पण ते एवढ्याशा चौकोनात बसणारं नव्हतं. म्हणून कागद घेतला. निघण्यापूर्वी तुम्ही मला फोनवर म्हणाला होतात, 'पोर अनोळखी माणसाकडे लगेच जात नाही हं, वाईट वाटून घेऊ नका.' तुम्ही चांगल्या मनाने म्हणालात. पण विहीणबाई, खरं सांगते, 'अनोळखी' हा शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला. (मी मासे खात नाही, पण कल्पना करता येते.) सख्खी आजी मी, आणि अनोळखी! तुमचं म्हणणं खोटं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते. ते खोटं नव्हतं हीच तर अडचण होती. पोर दोन वर्षांची होत आली आणि तिने माझा एक कान सोडून धड काही पाहिलेलंच नव्हतं.

आता हा कानाचा प्रकार काय, तो तुम्हाला अर्धाच ठाऊक आहे. अर्धा असा की तो उघडकीस तुम्हीच आणलात. उरलेला अर्धा सांगते, म्हणजे मी वेडी नाही हे तुम्हाला पटेल, निदान पूर्ण वेडी नाही एवढं तरी.

चार वर्षांपूर्वी मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा जाताना आपला वापरलेला फोन मला देऊन गेला. त्याआधी आमच्याकडे बटणांचा फोन होता. तो इतका गुणी की पिठाच्या डब्यात पडला तरी दुसऱ्या दिवशी वाजला. हा नवा नुसता काचेचा. बोट लावलं तर ऐकेना, आणि न लावता खिशात ठेवला तर आपल्या मनाने कोणाला तरी फोन लावी. (ह्यांच्या खिशातून त्याने एकदा ह्यांच्या जुन्या साहेबांना फोन लावला. त्या वेळी हे नेमके त्याच साहेबांच्या स्वभावाविषयी शेजाऱ्यांशी बोलत होते. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी फक्त 'बरं' म्हणाले. हे टपालखात्यातून निवृत्त झालेले होते म्हणून निभावलं.) काचेला चरा जाऊ नये म्हणून त्यावरचं दुकानातलं पातळ प्लास्टिक मी कधी काढलंच नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळ्या नातेवाइकांचे फोटो धुक्यात उभे असल्यासारखे दिसत. शिवाय जुन्या ब्लाउजपीसचं एक खोळवजा पाकीट शिवलं, पुढची काच तेवढी मोकळी ठेवली. पाठीमागेही एक डोळा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फोटो काढून मी ग्रुपवर टाकायची आणि सगळे काळेभोर यायचे. त्याच सुमारास ह्यांनी मला बातमी दाखवली की मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी आकाशातल्या कृष्णविवराचा फोटो काढला आणि साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, असले तर मी केव्हापासून काढते आहे. शेवटी धाकट्या दिरांनी ग्रुपवर विचारलं, 'वहिनी, तुमच्याकडे वीज गेली आहे का?' तेव्हा कुठे उलगडा झाला. मग मी डोळ्यापुरतं भोक पाडून त्याला नीट काज केलं.

त्या काळात फोन म्हणजे घरात आलेला एक पाहुणाच होता, आणि ह्यांनी त्याला फार लवकर लाडावून ठेवलं. निवृत्तीनंतर ह्यांना परदेशी मालिकांचा नाद लागला. एकाच बैठकीत सगळे भाग बघायचे, खाली अक्षरं येतात ती मोठ्याने वाचायची, आणि शेवटी खून कोणी केला ते मला स्वयंपाकघरात येऊन सांगायचं. खून कोणाचा झाला होता हे मला माहीत नसे, तरी मी 'अरेरे' म्हणत असे. अगदी गेल्या वर्षी ते मोठं जहाज कालव्यात आडवं अडकलं होतं, आठवतं? आठवडाभर हे त्या जहाजाचे पालक असल्यासारखे अस्वस्थ होते. दूधवाल्याला उशीर झाला तरी म्हणत, 'त्या जहाजामुळे.' बसणं-उठणं, हसणं-चिडणं सगळं त्या काचेत. मी मात्र फोनशी सोवळ्यातच वागले. देवापुढे दिवा लावताना तो बंद करत असे आणि दुपारी त्याला विश्रांती म्हणून पुन्हा बंद. आपण दुपारी पडतो, त्याला नको का?

त्या जहाजाच्याही आधी ते साल आलं होतं. सगळं जग आपापल्या दाराला कडी लावून आत बसलं, रस्ते ओस पडले, आणि नेमकी त्याच सालात आपली नात जन्माला आली. तुम्ही त्यांच्याच गावात, म्हणून तोंडाला मास्क बांधून का होईना, बाराव्या दिवसापर्यंत तरी तुमच्या मांडीवर ती आली. आम्ही इकडे. गाड्या बंद होत्या, त्या सुरू झाल्या तेव्हा ह्यांची छाती धड नव्हती, ती धड झाली तेव्हा पुन्हा सगळं बंद. मी देवाला म्हटलं, मी कधी काही मागितलं नाही. (हे पूर्ण खरं नाही, पण त्या वेळी म्हटलं.)

मुलाने सांगितलं, 'आई, व्हिडिओ कॉल करत जा, रोज बघशील तिला.' आता रिचार्ज करून देणारा जो दुकानदार आहे कोपऱ्यावर, त्याला मी आधी विचारलं, कारण खर्चाची बाब असली की मी तज्ज्ञालाच विचारते. तो म्हणाला, 'मावशी, व्हिडिओ बघितला की डेटा भराभर जातो. नुसतं बोललात तर काही नाही.' झालं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की पाहणं महाग आणि ऐकणं स्वस्त. तेव्हा आपण कसं करायचं, तर फोन आला की आधी घटकाभर, प्लास्टिकच्या धुक्यामुळे फोन अगदी डोळ्यांशी धरून (म्हणजे पलीकडे नुसतं कपाळ), पाहून घ्यायचं, पोर कशी आहे, अंगावर काय आहे, डोळ्यांत काजळ आहे का, आणि लगेच फोन कानाला लावून बोलायचं. मी पाहायची थांबले की डेटाही थांबेल, अशी माझी समजूत. आपण खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवतो तसं. महिन्याचा डेटा पुरवायचा म्हणजे काटकसर नको का? रविवारी मात्र मी जरा जास्त वेळ बघत असे. रविवार म्हणून.

बरं, फोन कानाला अगदी टेकवून धरत नसे, कारण कानातल्याचा खडा लागून काचेला चरा पडेल. चांगला वीतभर लांब धरत असे. म्हणजे तुमच्या बाजूला काय दिसत असेल याचा आता विचार केला की मला दरदरून घाम फुटतो. भिंतीएवढा एक कान! तोही माझा डावा. त्या कानाची पाळी खालून चिरलेली आहे आणि शिवलेली आहे हे तुमच्या लक्षात आलं असेलच. ती तुमच्या जावयाची करामत. सहा-सात महिन्यांचा असताना मांडीवर बसून त्याने लोंबतं कानातलं धरून असं ओढलं की पाळीसकट हातात आलं. तेव्हापासून मी तिथे बारीकसा खडा घालते.

आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीला मी फोनवरून पोरीला प्रार्थना म्हणून दाखवत असे. लहान मुलाच्या कानावर देवाचं नाव पडावं. ती ऐकते की नाही मला कसं कळणार, मी तर कानाने बोलत होते! पण त्या वेळी पलीकडे शांतता असे, म्हणजे ऐकत असेल असं धरून चालले. पुढे ती बोलायला लागली तेव्हा आमचं एक ठरून गेलं. मी म्हणायची, 'हॅलो, कोण बोलतंय?' ती म्हणायची, 'मी.' मी म्हणायची, 'मी कोण?' ती पुन्हा, 'मी!' एवढं झालं की ती खदखदून हसायची आणि मला दिवसभर पुरायचं.

सूनबाई बिचारी मध्ये मध्ये म्हणायची, 'आई, बघा ना, उभी राहिली. आई, बघताय ना?' मी म्हणायची, 'हो हो, छान,' आणि कान तसाच. पुढे पुढे ती 'बघा' म्हणेनाशी झाली. मला वाटलं, शिकली काटकसर. सुनेला घराची सवय झाली.

मग तुम्ही त्या दिवशी त्यांच्याकडे होतात. फोन तुम्ही हातात घेतलात आणि म्हणालात, 'अहो विहीणबाई, एकदा तोंड दाखवा की! किती दिवस कानच बघायचा? पोर तुम्हाला कानआजी म्हणते!' मागे मुलगा हसला, तुम्ही हसलात. सूनबाईचं हसू काही ऐकू आलं नाही. मीही हसले, फोन ठेवला, आणि भाजी चिरायला बसले ती इतकी चिरली की दोन दिवस तीच खाल्ली. ह्यांना विचारलं, 'तुम्हाला ठाऊक होतं?' तर हे म्हणतात, 'मला वाटलं तुला तसंच आवडतं.' चाळीस वर्षांच्या संसारात माणसाने आपल्या बायकोविषयी एवढंच जाणावं! मुलाला विचारलं तर तो म्हणाला, 'तुला ऐकायला कमी येत असेल आणि सांगायला लाजत असशील, म्हणून गप्प बसलो.' म्हणजे प्रत्येकाने आपापला चांगुलपणा केला आणि सगळ्यांनी मिळून मला कान करून ठेवलं. तुम्ही तेवढ्या तोंडावर बोललात. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. आता नाही.

लाज वाटली म्हणून त्यानंतर मी साधेच फोन केले. आणि तेवढ्यात ते येणार असं ठरलं. तुमचा तो 'अनोळखी'चा इशाराही त्याच आठवड्यातला.

मी तयारीला लागले. आरशापुढे उभी राहून हसून पाहिलं. ह्यांना बोलावून विचारलं, तर म्हणाले, 'थोडं कमी हस, पोर घाबरेल.' कमी हसले तर म्हणाले, 'आता कोणाकडे समाचाराला निघाल्यासारखी दिसतेस.' शेवटी मधलं एक हसू निघालं ते पक्कं केलं. देवाला बोलले, की पोर माझ्याकडे आली तर महिनाभर चहात साखर घेणार नाही. ठेवणीतले कपडे काढले. मधल्या खोलीतले सगळे दिवे लावले. (एरवी मी तिथे एकच लावते. शेजारीण चौकशीला आली, काय झालं म्हणून.) आणि केस चापूनचोपून न बांधता जरा सैल, कानांवरून घेतले, कारण मला आता त्या कानांचं तोंडही पाहायचं नव्हतं. झाकून टाकले दोन्ही. इथेच माझं चुकलं, पण तेव्हा मला कुठे ठाऊक?

दार उघडलं. मुलगा वाळलाय. सूनबाईच्या कडेवर ती. टोपी एका बाजूला घसरलेली, एका पायातला मोजा गायब, गालावर बिस्किटाचा चुरा. विहीणबाई, फोटोत तिचे डोळे एवढे नाहीत हो दिसत. मी ते ठरवलेलं हसू हसले आणि हात पुढे केले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि जी काही किंकाळी फोडली, की खालच्या मजल्यावरचे शिंपी कात्री हातात घेऊन जिन्यात आले.

मुलगा म्हणतो, 'अगं, आजी आहे ही, आजी!' ती म्हणते, 'नाही!' सूनबाई म्हणते, 'बघ, कोण आहे बघ.' ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून पुन्हा, 'आजी नाही!' आणि बापाच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवायला लागली. तिच्या लेखी आजी तिथे राहते. ती आजी म्हणजे एका गावात असूनही रोज सकाळी व्हिडिओवर दिसणाऱ्या तुम्ही, हे मला समजलं. हे पुढे सरसावले, 'ये गं, आजोबांकडे ये,' तर गंमत बघा, त्यांच्याकडे गेली! फोन हातात धरून तोंड पुढे करून बसायची ह्यांची सवय कामाला आली, कॉलवर ह्यांचं तोंड तिने पाहिलेलं होतं. ज्या नादासाठी मी ह्यांना चार वर्षं बोलले, त्याच नादाने हे पास झाले आणि मी नापास.

मी म्हटलं, 'राहू द्या, दमून आली आहे, ओळखेल हळूहळू.' आणि पाणी आणायला म्हणून आत ओट्याशी गेले. मधल्या खोलीला पाठ करून पेला भरत होते. डोळ्यांतलं पाणी पेल्यात पडेल की काय असं झालं, म्हणून हाताने डोळे पुसले, आणि केस डोळ्यांवर येत होते ते कानामागे सारले. तुम्हाला माझी सवय माहीत नाही, मी रडकुंडीला आले की आधी केस सारते.

मागचं रडणं एकदम थांबलं.

मला वाटलं ह्यांनी बिस्किट दिलं. इतक्यात मागून, खालून कुठून तरी, अगदी बारीक आवाज आला, 'हॅलो?'

मी जागची हलले नाही. मान वळवली असती तर सगळं संपलं असतं, एवढं मला देवानेच सुचवलं. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हटलं, 'हॅलो, कोण बोलतंय?'

'मी.'

'मी कोण?'

'मी!' आणि ती तशीच खदखदून हसली.

मग पावलं वाजली, एक मोजा घातलेलं आणि एक अनवाणी. माझ्या पदराला हात लागला. मी हळूच खाली बसले, अंग तसंच तिरकं ठेवून. तिने दोन्ही हातांनी माझा कान धरला. चाचपला. खडा बोटाने दाबून पाहिला. आणि पाळीला धरून जे ओढलं ना, अगदी बरोबर तिच्या बापाने ओढलं होतं त्याच जागी! मी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, ओढ, बाई, दुसऱ्यांदा शिवून घेईन. आणि मग, कान सोडायचा नाही असं ठरवून, एका हाताने तो घट्ट धरून ती माझ्या पुढच्या बाजूला आली. आवाज कुठून येतो ते बघायला. माझ्या तोंडाकडे बघितलं, नाकाकडे, डोळ्यांकडे. पुन्हा कानाकडे जाऊन खात्री करून आली. आणि बापाकडे वळून साऱ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली, 'कानाला तोंड आहे!'

आता तुम्हाला त्या हात जोडलेल्या चित्राचा अर्थ कळला असेल.

पुढचं थोडं जपून लिहिते. सूनबाई दारातच बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, 'अगं, आता काय झालं?' मग बोलली. तिला इतके दिवस वाटत होतं की मी तिच्याकडे आणि पोरीकडे तोंड फिरवून बसते. घटकाभर बघते आणि मान वळवते. मुलगी झाली म्हणून. 'आई, मी तुम्हाला विचारणार होते, पण भीती वाटायची,' म्हणाली. ऐकलंत, विहीणबाई? मी, जिने त्या रविवारच्या दोन घटकांसाठी सगळा आठवडा वाट बघितली! आधी मी तिच्यावर रागावले, (लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि चांगलं खणखणीत,) मग तिला जवळ घेतलं, मग तो कोपऱ्यावरचा दुकानदार, तो डेटा, ते पाहणं महाग आणि ऐकणं स्वस्त, सगळं सांगितलं. तुम्हालाही तसं वाटलं असेल, असं आता मला वाटतं, म्हणूनच तुम्ही तोंड दाखवा म्हणालात. वाटलं असेल तर आता पुसून टाका. माझी विनंती आहे.

मुलाने ते सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, 'आई, तू फोन कानाला लावलास तरी डेटा जातोच. तू बघ नाहीतर नको बघूस.'

म्हणजे बघा. पोर पालथी पडली, बसली, उभी राहिली, पहिलं पाऊल टाकलं, ते सगळं माझ्या कानाजवळ वीतभर अंतरावर चाललं होतं, त्याचे पैसेही मी भरले होते, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत 'हो हो, छान' म्हणत होते. जन्मभर जमाखर्च लिहिला, दिवे मालवले, साबणाचे तुकडे जोडून वापरले, पण एवढी उधळपट्टी माझ्या हातून कधी झाली नव्हती. त्या दिवसापासून वसुली चालू आहे. ती झोपली तरी बघते. ती जेवते तेव्हा मी जेवत नाही, बघते. हे म्हणतात, 'अगं, झिजेल ती.' झिजू दे.

एक मात्र मला पटलं. त्या सालात जन्मलेल्या लेकरांनी माणसं अर्धीच पाहिली. डॉक्टरीणबाई, शेजारीपाजारी, तुम्हीसुद्धा पहिले काही महिने, सगळे नाकाच्या वर सुरू होणारे. उघडे काय ते डोळे आणि कान. तेव्हा ज्याचं जे दिसलं ते त्याने धरून ठेवलं. आपली पोर कान धरून बसली यात तिची चूक नाही, आणि आता मला वाटतं, माझीही फारशी नाही.

साखरेशिवायचा चहा सुरू केला आहे. देवाला मी महिना बोलले होते. पोर माझ्याकडे आली की माझा कान तिच्याकडे गेला, हे मी त्याला विचारून घेतलेलं नाही. विचारलं तर तो मुदत वाढवायचा.

गुडघ्याला शेक देत जा. डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
कानआजी

ता. क. सूनबाई पोरीला शिकवते आहे, 'कानआजी नाही म्हणायचं, नुसतं आजी म्हणायचं.' तुम्हीच तिला तसं सांगितलंत असं कळलं, मला वाईट वाटू नये म्हणून. तुमचं मन मोठं आहे. पण तेवढं शिकवू नका. नुसती आजी तुम्ही आहातच. ते पद भरलेलं आहे, आणि योग्य माणसाने भरलेलं आहे. मला माझंच राहू दे.

ता. क. दुसरा. वरच्या पत्रावरून पोर आता माझीच झाली असं तुम्हाला वाटेल. तसं लिहिताना मलाही वाटत होतं. पण खरं सांगायचं तर रोज सकाळी उठली की ती बापाच्या फोनची काळी काच पुसते आणि तिच्यावर गाल ठेवून 'आजी ऊठ' म्हणते. तो गाल तुमचा आहे. मी बघते, आणि बघायचं ठरवलं आहे तेव्हा हेही बघते.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र मुळात एवढ्यासाठीच. मुलाच्या कचेरीने अजून महिनाभर घरूनच काम करायला परवानगी दिली आहे, आणि घर कोणतं असावं ते त्यांनी लिहिलेलं नाही. सूनबाईला राहायचं आहे, पण तुम्ही तिकडे एकट्या म्हणून तिचा जीव तिकडे ओढ घेतो आहे. ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. त्यांना परत बोलावू नका. तुम्हीच इकडे या. आमच्या जिन्याला कठडा आहे, दोन्ही बाजूंनी धरता येतो, कोणता पाय आधी टाकायचा ते तुमच्यावर. खालचे शिंपी म्हणालेत की तुमची पेटी ते वर आणून देतील. तुम्ही पुढच्या खोलीत बसायचं, मी ओट्याशी तिरकी उभी राहीन, आणि पोर कोणाकडे जाते ते बघू. ती तुमच्याकडे गेली तर मी पाणी भरायला पाठ फिरवणार नाही, असा शब्द देते.

ता. क. शेवटचा. एवढं लिहून होईतो ह्यांनी प्रत्येक पानाचा फोटो काढून तुम्हाला पाठवून दिला आहे. आयुष्य टपालखात्यात घालवलेल्या माणसाने हे करावं! म्हणजे तुम्ही हे सगळं आधीच वाचलं आहे. तरी पाकीट आलं की पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचा, तिकीट लावलं आहे. आणि उत्तर देताना फोन करा, पाहायचाच करा. मी तोंड दाखवीन. पोर मध्ये आली तर मात्र मला वळावं लागेल, तेव्हा गैरसमज नको.